दिवसांचा हिशेब आणि नियत

दिवस मोजणे हा आम्हा शिक्षकांच्या नोकरीचाच एक भाग आहे. महिन्यात कामाचे दिवस किती झाले, कोणत्या मुलाचे किती दिवस बुडाले, वर्षाची हजेरी किती टक्के भरली, हे सारे आम्ही हजेरीपटावर लिहीत असतो. परंतु शाळेबाहेरही दिवस मोजण्याचे एक काम हळूहळू आमच्या गळ्यात पडले आहे. आम्ही मूळचे मराठवाड्यातले. बी.एड. झाल्यावर रत्नागिरी जिल्ह्यात समुद्राकाठच्या एका गावी उर्दू हायस्कुलात नोकरी लागली आणि आम्ही इथलेच झालो. ज्याचे एकही माणूस परदेशात नाही असे घर या भागात शोधावे लागते. इथल्या लोकांचे आजे-पणजे बोटीवर खलाशी होते, बाप आखातात गेले आणि मुले आता विलायतेपर्यंत पोहोचली आहेत. साहजिकच घरोघरी इंग्रजी कागद येतात आणि ते वाचून दाखवायला सर लागतात. व्हिजाची मुदत केव्हा संपते, अर्ज केव्हा करायचा, मधल्या काळात गावी येता येईल का, हे प्रश्न घेऊन लोक येतात. आम्ही कॅलेंडर पुढ्यात घेऊन दिवस मोजून देतो.

आज ज्या प्रश्नाविषयी लिहायचे आहे तो या मोजणीतूनच उभा राहिला. नवरा-बायकोने एकत्र राहण्यासाठी सरकारने दिवसांच्या अटी घातल्या, तर त्या दिवसांपुढे बाकीच्या नात्यांनी काय करायचे? आणि अट पाळताना एखादे कर्तव्य चुकले तर तो दोष कोणाचा, कायद्याचा, पाळणाऱ्याचा की सल्ला देणाऱ्याचा? सल्ला देणारे आम्ही होतो, म्हणून हा प्रश्न आम्हाला टाळता येत नाही.

प्रथम एक साधा प्रसंग सांगतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी गावातल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांबरोबर मुंबईला पाच-सहा दिवस राहण्याचा योग आला. जोहरच्या वेळी आम्ही फर्जच्या दोन रकात पढून सलाम फेरला. त्यांनी चार पढल्या. मुक्काम एक, दिवस तेवढेच, तरी आम्ही मुसाफिर होतो आणि ते मुकीम होते. कारण आम्ही हनफी आणि ते, कोकणातल्या बहुतेक मुसलमानांप्रमाणे, शाफई. हनफी मजहबात एखाद्या ठिकाणी 15 दिवस किंवा अधिक राहण्याची नियत केली की माणूस मुकीम ठरतो. शाफई मजहबात येण्या-जाण्याचे दिवस सोडून 4 दिवसांची नियत पुरते. आकडे वेगळे, पण दोहोंत एक गोष्ट समान आहे. आधी नियत विचारली जाते, मग दिवस मोजले जातात. आज निघू, उद्या निघू म्हणत जो कामात अडकून पडला, त्याने राहण्याचे ठरवलेलेच नसते. म्हणून कितीही दिवस गेले तरी हनफी मजहबात तो मुसाफिरच राहतो, आणि शाफई मजहबात त्याला 18 दिवसांपर्यंत सवलत मिळते.

आखाती देशांत राहण्याच्या परवान्याला इकामा म्हणतात, हे कोकणातल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. मुकीम, इकामत आणि इकामा ही एकाच धातूची लेकरे. मात्र आजच्या सरकारांचा इकामा नियतीपेक्षा दिवसांवर चालतो. संयुक्त अरब अमिरातीत नेहमीच्या परवान्यावर राहणारा माणूस सलग सहा महिन्यांहून जास्त काळ देशाबाहेर राहिला तर परवाना बाद होतो. त्यामुळे ज्या बायका मुलांच्या शाळेसाठी किंवा सासू-सासऱ्यांच्या आजारपणासाठी गावी राहतात, त्या सहा महिने पुरे होण्याआधी एक फेरी मारून येतात. परवाना जिवंत राहतो. आमच्या एका सहकाऱ्याचे म्हणणे असे, की ही फसवणूक आहे. राहायचे नाही आणि राहतो असे दाखवायचे.

आम्हाला ते पटत नाही, आणि का पटत नाही हे नीट सांगितले पाहिजे. कायदा दोन प्रकारचे प्रश्न विचारतो. काही ठिकाणी तो फक्त दिवस विचारतो आणि काही ठिकाणी नियतही विचारतो. जिथे फक्त दिवस विचारले आहेत तिथे आपण दिवसांचे देणे लागतो. ते चुकते केले की व्यवहार पुरा झाला. सहा महिन्यांच्या आत येऊन जा एवढेच ज्याने सांगितले, त्याच्याशी येऊन गेलेली बाई खोटे बोलत नाही. पण जिथे नियत विचारली आहे आणि आपण तिच्याखाली सही केली आहे, तिथे दिवस भरून नियत लपवणे हा खोटेपणाच. ब्रिटनचा पती-पत्नीसाठीचा व्हिजा या दुसऱ्या प्रकारचा आहे. तिथे अर्जदाराला स्पष्ट सांगावे लागते की विवाह खरा आहे आणि ब्रिटनमध्ये कायम एकत्र राहण्याचा दोघांचा इरादा आहे. तिथला व्हिजा नुसता हाताशी असावा म्हणून अधूनमधून तोंड दाखवून यायचे आणि संसार इथेच करायचा, असा बेत कोणी आमच्याकडे आणला तर आम्ही तो कागद भरून देत नाही.

एवढे सरळ असते तर लेख इथेच संपला असता. खरी अडचण प्रामाणिक माणसाची आहे. ज्याची नियत खरी आहे, जो दिवसही भरतो, त्याच्याच पुढे कधीकधी असा दिवस येतो की दोन्ही कर्तव्ये एकदम पाळता येत नाहीत.

आमची एक माजी विद्यार्थिनी आहे. दहावीला आमच्या वर्गात होती. इंग्लंडात बर्मिंगहॅमकडे कोकणी मुसलमानांची जी वस्ती आहे तिथल्या मुलाशी तिचा निकाह झाला. मुलगा तिथेच जन्मलेला, तिथला नागरिक, एका गोदामात कामाला. व्हिजासाठी लागणारी इंग्रजी बोलण्याची पहिली परीक्षा तिने आमच्याकडे शिकून दिली होती. 2022 च्या सुरुवातीला ती गेली. या व्हिजाची रचना अशी, की पहिला परवाना 33 महिन्यांचा असतो. तो संपण्यापूर्वी तिथेच अर्ज करून आणखी 30 महिन्यांची मुदत घ्यायची, आणि एकूण 60 महिने, म्हणजे पाच वर्षे, भरली की कायम राहण्याचा अर्ज करता येतो. तिची पहिली मुदत नोव्हेंबर 2024 च्या पहिल्या आठवड्यात संपत होती.

त्या वर्षी पावसाळ्यात तिच्या वडिलांची प्रकृती ढासळली. सप्टेंबरात तिचा फोन आला. "सर, अब्बांची तब्येत बरी नाही. आता निघू, की अर्ज करून मग निघू?"

आम्ही नेहमीप्रमाणे कॅलेंडर घेतले. आता आली तर तीन आठवड्यांत परतून अर्ज करावा लागणार. पगाराच्या चिठ्ठ्या, बँकेचे कागद अर्जाच्या तारखेच्या जवळचेच लागतात, तेव्हा सारे पुन्हा गोळा करायचे. मूल लहान. इथे येऊन वडिलांना सोडवेना, तिकीट पुढे ढकलले आणि मुदत उलटून गेली तर सगळेच मुसळ केरात. उलट आधी अर्ज केला तर साधारण आठ आठवड्यांत निकाल लागतो. डॉक्टरांनी वडिलांबद्दल घाईचे काही सांगितले नव्हते. आम्ही सांगितले, "आधी अर्ज, मग प्रवास. डिसेंबरच्या अखेरीस निश्चिंत या आणि दोन महिने राहा." तिने ऐकले. विद्यार्थिनी असताना ऐकायची तसेच ऐकले.

ऑक्टोबरच्या अखेरीस तिने अर्ज भरला. अर्जाची फी वेगळी, आणि आरोग्यसेवेचा अधिभार वर्षाला 1,035 पौंडांप्रमाणे अडीच वर्षांचा 2,587 पौंड 50 पेन्स. आणखी 1,000 पौंड भरले, आणि त्या सोयीत जागा शिल्लक असली, तर निकाल दुसऱ्या कामाच्या दिवशी मिळू शकतो. वेळही तिथे विकत मिळतो, पण गोदामातल्या पगारावर आधीचे पैसे उभे करतानाच दोघांची दमछाक झाली होती. डिसेंबरच्या सुरुवातीला, अर्जाच्या सहाव्या आठवड्यात, तिच्या वडिलांचा इंतकाल झाला.

आता नियम पाहा. मुदत संपण्यापूर्वी अर्ज केला असेल तर निकाल लागेपर्यंत जुना हक्क चालू राहतो. परंतु अर्जदार त्या काळात ब्रिटन, आयर्लंड आणि जवळची बेटे यांच्या सामायिक प्रदेशाबाहेर गेला, तर त्याने अर्ज मागे घेतला असे धरले जाते. तिची जुनी मुदत नोव्हेंबरातच संपलेली. म्हणजे ती निघाली असती तर अर्ज गेला, हक्क गेला, भारतातून सारे पहिल्यापासून. त्यातच नवऱ्याच्या उत्पन्नाची अट 2012 पासून वर्षाला 18,600 पौंड होती, ती 11 एप्रिल 2024 पासून 29,000 पौंड झाली आहे. आधीपासून तिथे असलेल्यांना त्याच जोडीदाराबरोबर मुदतवाढ घेताना जुना आकडा चालतो, पण नव्याने अर्ज करणाऱ्याला नवा. नवऱ्याचा पगार दोन्हींच्या मध्ये होता. विमानात बसणे म्हणजे केव्हा परत येऊ हे ठाऊक नसताना घर सोडणे होते.

तिचा पासपोर्ट तिच्याच कपाटात होता. विमानतळावर तिला कोणी अडवले नसते. दार उघडे होते आणि ओलांडता येत नव्हते. ती आली नाही.

गावात बोलणे झाले. पौंडांपायी बापाला विसरली. एवढी शिकवून काय उपयोग झाला. जुम्याच्या नमाजीनंतर मशिदीच्या पायऱ्यांवर हे बोलणे आम्ही स्वतः ऐकले. ऐकून आम्ही काय केले ते शेवटी सांगू.

आता प्रश्नाकडे वळू. कायद्याने दिवस मोजूच नयेत काय? रागाच्या भरात आम्हालाही तसे वाटले होते. पण थोडा इतिहास पाहिला की हा राग टिकत नाही. दिवस मोजण्याऐवजी कायदा दुसरे काय मोजू शकतो, हे आपल्या बायका-मुलींनी भोगून झाले आहे. 1979 च्या सुरुवातीला एक बातमी फुटली, की लंडनच्या हीथ्रो विमानतळावर लग्नासाठी आलेल्या एका भारतीय स्त्रीची कौमार्य तपासणी करण्यात आली. ती खरोखरच लग्नासाठी आली आहे का, हे ठरवण्याचा तो उपाय होता. ओरड झाल्यावर ती पद्धत बंद करावी लागली. पुढे 1980 च्या दशकात असा नियम राबवला गेला, की लग्नाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये येणे हा नव्हता, हे अर्जदाराने सिद्ध करावे. हेतू सिद्ध कसा करायचा? अधिकारी विचारणार आणि अधिकारीच ठरवणार. नवरा-बायकोला परस्परांबद्दल प्रश्न विचारायचे आणि उत्तरांतली तफावत शोधायची. वास्तविक आपल्याकडच्या ठरवून झालेल्या लग्नात नवपरिणित जोडपे एकमेकांबद्दल किती सांगू शकणार? जून 1997 मध्ये तो नियम रद्द झाला.

ही दोन्ही उदाहरणे आम्ही मुद्दाम दिली. नियत ओळखण्याचा अधिकार सरकारी माणसाच्या हाती दिला की तो कुठवर जातो हे त्यांवरून कळते. त्या मानाने दिवसांचा आकडा परका असला तरी निःपक्षपाती असतो. तो चेहरा पाहत नाही, बुरखा पाहत नाही, उच्चार ऐकत नाही. नियतीचा जाणकार एक अल्लाहच. सरकारने दिवस मोजावेत आणि मन त्याच्यावर सोडावे, यात एक प्रकारची सभ्यताही आहे. शिवाय खोटी लग्ने होतात, व्हिजासाठी मुली फसवल्या जातात, हे आपल्यालाही माहीत आहे. त्यांना आळा घालण्यासाठी काही काळ वाट पाहायला लावणे अन्याय नव्हे.

मग चूक कुठे आहे? आमच्या मते ती दोन ठिकाणी आहे.

पहिली चूक लांबीची. ब्रिटनमध्ये जोडीदाराच्या परीक्षेचा काळ पूर्वी एक वर्ष होता. एप्रिल 2003 पासून तो दोन वर्षे झाला आणि 9 जुलै 2012 पासून पाच वर्षे. कोणी म्हणेल, अट तीच, फक्त काळ वाढला. पण नुसता काळ वाढल्यानेही अटीचे स्वरूप बदलते. लग्न करून जाणाऱ्या मुलीचे आईबाप साधारण पन्नाशी-साठीचे असतात. एका वर्षात त्यांच्यापैकी कोणी जाण्याचा संभव थोडा. पाच वर्षांत बाळंतपण, आजारपण, मयत यांपैकी काहीतरी येणारच. एका वर्षाची अट बहुतेक लोक कोणालाही न दुखावता पाळू शकत. पाच वर्षांची अट पाळताना कोणाला तरी दुखवावेच लागते. आणि पुढेही मोजणी थांबत नाही. तिथल्या नागरिकाच्या जोडीदाराला नागरिकत्व हवे असेल तर कायम राहण्याचा हक्क मिळाल्यावर अर्जाआधीची तीन वर्षे पाहतात. त्या काळात देशाबाहेर 270 दिवसांहून जास्त नको, शेवटच्या बारा महिन्यांत 90 हून जास्त नको, आणि बरोबर तीन वर्षांपूर्वीच्या त्या तारखेला माणूस तिथे हजर हवा. आईला भेटायला जायचे दिवसही माहेरवाशीण अशा रीतीने खर्चाला लावते.

दुसरी चूक अधिक महत्त्वाची आहे. आपल्याकडेही मोजणी आहे, पण तिच्याजवळ रुख्सत उभी असते. रमजानचे दिवस मोजलेले आहेत. तरीही मुसाफिराला आणि आजाऱ्याला सांगितले आहे, की आता सोडा, नंतर तितके दिवस भरून काढा. मोजणी रद्द होत नाही, फक्त पुढे सरकते. यालाच आपण कजा म्हणतो. जो नियम माणसाला संकटात एवढी जागा देतो, तो पाळताना मन कडवट होत नाही. ब्रिटनच्या नियमांतही हे तत्त्व अजिबात नाही असे नाही. नागरिकत्वाच्या अर्जात 270 दिवसांहून जास्त गैरहजेरी झाली तर काही कारणांसाठी ती माफ करण्याची मुभा अधिकाऱ्याला आहे. म्हणजे दिवसांच्या मागे माणूस असतो हे त्यांना ठाऊक आहे. पण अर्ज प्रलंबित असताना देश सोडला, तर कारण काहीही असो, अर्ज मागे घेतला असेच समजायचे. बाप वारला म्हणून गेलेली मुलगी आणि संसार नको म्हणून निघून गेलेली मुलगी, नियमाला दोघी सारख्याच. जिने अर्ज मागे घेतलेला नाही तिने घेतला असे धरणे, याला आम्ही नियम खोटे बोलतो असे म्हणू.

उपाय अवघड नाही. आई, बाप, मूल यांच्या मृत्यूसाठी अर्जदाराला ठरावीक दिवस जाऊ द्यावे. तोवर अर्ज थांबलेला राहील. परतल्यावर पुढे चालू होईल. गेलेले दिवस हवे तर पाच वर्षांच्या शेवटी जोडा. सरकारचा एकही दिवस बुडत नाही. व्हिजाची कजा असावी, एवढीच आमची मागणी आहे. तिकडे स्थायिक झालेल्या आपल्या बांधवांच्या ज्या संस्था आहेत त्यांनी आपल्या खासदारांपुढे हा विषय मांडावा असे आम्हाला वाटते. हा केवळ मुसलमानांचा किंवा हिंदुस्थान्यांचा प्रश्न नाही. सातासमुद्रापार आईबाप असलेल्या प्रत्येक जोडीदाराचा आहे.

मात्र कायद्याला दोष देऊन आमची सुटका होत नाही. आमच्याकडून दोन चुका झाल्या.

एक, आम्ही हिशेब बरोबर केला पण सल्ला देताना अर्धाच सांगितला. आता निघालीस तर मुदत जाण्याची भीती आहे, हे आम्ही स्पष्ट सांगितले. अर्ज करून थांबलीस तर मधल्या आठ आठवड्यांत काहीही झाले तरी येता येणार नाही, हे मात्र ठासून सांगितले नाही. नियम आम्हाला माहीत होता. पण डॉक्टरांनी घाईचे काही सांगितलेले नाही असे मनाला समजावून आम्ही ती शक्यता बाजूला ठेवली. कागद वाचणाऱ्याला वाटू लागते, की कागदावर जे नीट बसते तेच शहाणपणाचे. वडील तिचे होते, संसार तिचा होता. दोन्हीकडची किंमत तिच्यापुढे मांडून निवड तिच्यावर सोडणे हे आमचे काम होते. आम्ही निवड करून टाकली आणि तिला वाटले की सरांनी हिशेब सांगितला.

दुसरी चूक याहून वाईट. मशिदीच्या पायऱ्यांवर लोक बोलत होते तेव्हा ती का आली नाही हे गावात एका आम्हालाच पुरते ठाऊक होते. आम्ही चप्पल घातली आणि निघून आलो. सांगायला गेलो असतो तर सल्ला कोणाचा हेही निघाले असते. मुलीच्या अब्रूपेक्षा आम्ही आमची अब्रू जपली.

निकाल डिसेंबरच्या अखेरीस लागला. जानेवारी 2025 च्या अखेरीस ती मुलाला घेऊन आली. त्यानंतर एक दिवस आम्ही पत्नीसह तिच्या घरी गेलो. तिची आई इद्दतीत होती. पत्नी आत गेली, आम्ही ओटीवर बसलो. जे सांगायचे होते ते दाराकडे तोंड करून सांगितले. सल्ला आमचा होता, चूक आमची आहे, माफ करा. बराच वेळ आतून आवाज आला नाही. मग तिची आई म्हणाली, "सर, तिला निघायला दिलं असतंत तरी मयत काय तिच्यासाठी थांबली असती? माती त्याच दिवशी द्यायची असते. ते माझ्या मनात नाही. पण बाहेर तुम्ही दोन शब्द बोलला असता तर माझ्या दारात येऊन कोणी तसं बोललं नसतं."

आम्हाला उत्तर नव्हते. पुढच्या जुम्याला नमाजीनंतर आम्ही पायऱ्यांवर थांबलो आणि सारी हकीकत सांगितली. काहींनी मान डोलावली, काही निघून गेले. दोन महिने उशिरा सांगितलेल्या सत्याचा जेवढा उपयोग होतो तेवढा झाला.

या एका घरात त्या वेळी दोन बायका दिवस मोजत होत्या हे आमच्या मनातून जात नाही. आई इद्दतीचे चार महिने दहा दिवस मोजत होती आणि मुलगी व्हिजाचे. आईच्या मोजणीत दुःखाला जागा होती. ते दिवस दुःखासाठीच दिलेले आहेत आणि त्या काळात विधवेला कोणी काही विचारत नाही. मुलीच्या मोजणीत दुःखासाठी रकानाच नव्हता. कायद्याकडे आम्ही तो रकाना मागू, पण कायदा दूर आहे आणि केव्हा बदलेल ते सांगता येत नाही. समाज जवळ आहे. जी आली नाही तिला जाब विचारण्यापूर्वी तिला येता येत होते का, एवढे विचारायला कोणाच्या परवान्याची गरज नाही. परदेशात दिलेल्या आपल्या मुलींच्या हजेरीपटावर निदान आपण तरी लाल शाई वापरू नये.

फेब्रुवारीत तिने पुन्हा विचारले, "सर, अम्मीची इद्दत पुरी होईपर्यंत राहिले तर चालेल का?" आम्ही कॅलेंडर घेतले. एका कागदावर दोन्ही हिशेब लिहिले. राहिलीस तर सुमारे अडीच महिने भरतात. या व्हिजावर बाहेर राहण्याच्या दिवसांची ठरावीक मर्यादा नाही, पण लांब मुक्कामाचे कारण पुढे दाखवावे लागेल, तेव्हा मृत्यूचा दाखला जपून ठेव. पुढे नागरिकत्वाचा अर्ज लवकर केलास तर हे दिवस 270 मध्ये धरले जातील. नवरा तिकडे एकटा आहे. गेलीस तर हे सारे टळते आणि आई इथे एकटी राहते. खाली सही केली नाही आणि सल्लाही लिहिला नाही. कागद पत्नीच्या हाती पाठवून दिला.

ती राहिली. रमजान आईबरोबर केला, ईदही केली. एप्रिलमध्ये इद्दत पुरी झाली आणि तिसऱ्या दिवशी ती गेली. आम्ही दिवस मोजले नव्हते. तिच्या आईने आमच्या पत्नीला सांगितले.